चित्राने बरे वाटते, ते कशामुळे?

स्थानिक चित्रकारांनी, शिल्पकारांनी, कारागिरांनी आपले काम लोकांपुढे मांडावे, ते पाहून पाहणाऱ्याच्या हातांनाही काही करावेसे वाटावे आणि त्याच्या मनाला उभारी यावी, ही अपेक्षा आता शहरी कलाप्रदर्शनांच्या निमंत्रणपत्रिकेतच छापलेली असते. अपेक्षा जुनीच आहे. तिला मिळालेले मानसिक आरोग्याचे नाव तेवढे नवे. तिच्या पोटात मात्र तीन निरनिराळे प्रश्न आहेत. चित्र पाहून बरे वाटते ते चित्रात जे आहे त्यामुळे, की पाहताना माणसाचे जे होते त्यामुळे? काढणाऱ्याला जे मिळते तेच पाहणाऱ्याला मिळते का? आणि माणसाला बरे वाटावे हे कलेचे काम म्हणायचे, की तिच्या हातून जाता जाता होणारी गोष्ट? रसचर्चेत आणि संतांच्या कर्मविचारात या प्रश्नांचा बराच खल झालेला आहे. तो एखाद्या गावाच्या मातीवर आणून पाहायचा तर नवी मुंबई त्याला सोयीची आहे, कारण या शहराच्या आराखड्यातच कलाकारांच्या नावाने एक वस्ती आहे आणि तिची रचना करणाऱ्याला हा प्रश्न पडलेला होता.

खाडीपलीकडे मुंबईचे जुळे शहर वसवावे ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ साली ‘मार्ग’ या नियतकालिकातून मांडली. १९७० मध्ये त्यासाठी सिडकोची स्थापना झाली आणि पहिली काही वर्षे कोरिया तिचे मुख्य वास्तुरचनाकार होते. पुढे १९८३ ते १९८६ या काळात त्यांनी सिडकोसाठी सीबीडी बेलापूरला, डोंगराच्या पायथ्याशी, ‘आर्टिस्ट व्हिलेज’ उभारले. सुमारे साडेपाच हेक्टर जागेत साडेपाचशेच्या आसपास कुटुंबे, तीही उंच इमारती न बांधता, असा तो प्रयोग होता.

वस्तीचा गाभा घरात नसून अंगणात आहे. सात घरे मिळून साधारण आठ मीटर लांब-रुंद असे एक अंगण. असे तीन समूह एकत्र आले की एकवीस घरे होतात आणि त्यांच्यामध्ये बारा मीटरांचे थोरले अंगण येते. समूहांचे समूह जोडत शेवटी वस्तीचा चौक. भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरांचे, म्हणजे गरिबाचा आणि त्यातल्या त्यात सुस्थितीतल्याचा यांत फार अंतर नाही. शेजाऱ्याशी सामाईक भिंत कुठेच ठेवलेली नाही, कारण ज्याला घर वाढवायचे आहे त्याला दुसऱ्याला न विचारता ते वाढवता यावे. मूळची घरे साधी, उतरत्या छपराची होती. गवंड्याने आणि सुताराने हाताळावीत अशी. लोकांनी ती खरोखरच वाढवली. कित्येकांनी पाडून त्यांच्या जागी स्लॅबचे मजले चढवले. नावात कलाकार असले तरी वस्ती सर्व प्रकारच्या कुटुंबांची झाली. वास्तुरचनेचे विद्यार्थी याची हळहळ करतात, पण कोरियांच्या मूळ विचाराला धरून पाहिले तर हळहळीचे फारसे कारण नाही: घरात राहणाऱ्यानेच घराला आकार द्यावा, हेच तर त्यांना हवे होते.

आकाशाखालच्या मोकळ्या जागेबद्दल कोरियांनी वारंवार लिहिले आहे, आणि त्या लिखाणात हवा-उजेडाचा हिशेब संपल्यावर सूर थेट धार्मिक होतो. देवळाकडे चढत जाणाऱ्या पायऱ्या, प्रदक्षिणेची वाट, झाडाखाली बसलेला गुरू ही त्यांची उदाहरणे. जयपूरच्या जवाहर कला केंद्रात त्यांनी नवग्रहांचे नऊ चौक मांडले. बेलापूरला मंडल नाही, ग्रह नाहीत. सात दारे एका अंगणात उघडतात एवढेच आहे. तरी प्रश्न तोच: माणूस आपल्या चार भिंतींतून आणि आपल्या विवंचनेतून बाहेर कसा येतो, आणि बाहेर आल्यावर त्याला कोण भेटते?

भरताच्या नाट्यशास्त्रात पहिल्याच अध्यायात नाट्याची फलश्रुती सांगितली आहे. दुःखाने, कष्टाने, शोकाने पिडलेल्यांना नाट्य विसावा देईल, असे तिथे ब्रह्मदेव म्हणतो. म्हणजे आजच्या निमंत्रणपत्रिकेतली भाषा त्या ग्रंथाला परकी नाही. पण विसावा मिळतो कसा, हे भरताने तिथे उलगडलेले नाही. ते काम दहाव्या-अकराव्या शतकांच्या संधीवर काश्मीरच्या अभिनवगुप्ताने केले. ‘अभिनवभारती’त त्याने रसास्वादाच्या वाटेतली सात विघ्ने मोजली आहेत. दाखवलेली गोष्ट पटणारी नसणे, ती धड स्पष्ट नसणे, तिच्यात मुख्य काय हेच न कळणे, अशी काही विघ्ने कलाकृतीच्या बाजूची आहेत. एक विघ्न मात्र पूर्णपणे पाहणाऱ्याचे आहे. त्याचे नाव ‘निजसुखादिविवशीभाव’: स्वतःच्याच सुखदुःखात माणूस इतका अडकलेला असणे की समोरच्या गोष्टीत त्याचे मन विसावतच नाही.

या विघ्नाचा रोख थेट आजच्या प्रश्नावर येतो. स्वतःला बरे वाटावे म्हणून जो प्रदर्शनाला जातो, तो दारातून आत शिरतानाच हे विघ्न बरोबर नेतो. तो प्रत्येक चित्रापुढे उभा राहून आपल्याच मनाची नाडी पाहणार: आता हलके वाटले का, अजून का वाटत नाही? अभिनवगुप्ताच्या मते आस्वादात जी विश्रांती आहे ती आपल्या खासगी सुखदुःखाची पकड सुटल्यावरची आहे. ती मागून मिळत नाही. तेव्हा स्वास्थ्य हे कलेचे फळ आहे हे खरे, पण ते फळ म्हणून डोळ्यांपुढे ठेवले की झाडच उगवत नाही, असा हा पेच आहे.

अभिनवगुप्ताने पेच दाखवून हात झटकलेले नाहीत. या विघ्नावर त्याने उपाय सांगितला आहे आणि तो अगदी व्यवहारी आहे: वाद्ये, गाणे, सजवलेला मंडप, कलेत निपुण असलेले कलावंत. उपदेश नाही. कुणाला ‘स्वतःला विसरा’ असे सांगून तो विसरत नाही; जागा, आवाज आणि सोबत अशी हवी की विसरणे आपसूक घडावे. याच्याच जोडीला तो आणखी एक गोष्ट नोंदवतो. सगळे प्रेक्षक मिळून जेव्हा एका गोष्टीत एकवटतात तेव्हा रस अधिक पुष्ट होतो. एकट्याच्या आस्वादापेक्षा सभेचा आस्वाद दाट असतो. कलेच्या आधुनिक चर्चेत एकट्या रसिकाला जे मानाचे पान मिळते, त्यामुळे हा मुद्दा मागे पडतो.

हे प्रत्यक्ष पाहायचे तर महाराष्ट्रातल्या कलाप्रदर्शनांना जोडून होणारे ‘प्रात्यक्षिक’ पाहावे. व्यक्तिचित्रणाचे प्रात्यक्षिक असेल तर स्टुलावर एक जण बसतो, बहुधा शहरातलेच कुणी म्हातारे गृहस्थ किंवा नऊवारीतली बाई. दिव्याचा प्रकाश एका बाजूने. चित्रकार इझलवर कागद ताणतो, दोनचार रेषांत डोके आणि खांदे बसवतो आणि जलरंग असेल तर थेट ओल्या कागदावर मोठा वॉश टाकतो. पहिली वीस मिनिटे चित्र वाईट दिसते. गालावर नको तिथे निळे, कपाळ सपाट. मागच्या रांगेत कुजबुज असते, कुणी मोबाइल काढतो. मग कधीतरी डोळ्याच्या खोबणीत एक गडद ठिपका पडतो आणि चेहरा कागदातून पुढे येतो. त्यानंतर खोलीत आवाज नसतो. तास-दीड तास शंभरेक माणसे एका अनोळखी माणसाच्या चेहऱ्याकडे बघत बसतात, आणि त्या वेळात स्वतःच्या घराचा हप्ता कुणाला आठवत नाही. संपल्यावर पोरे पुढे धावतात आणि ब्रशचा नंबर विचारतात. निर्मितीला प्रोत्साहन म्हणून जे काही म्हणतात ते इथे एका प्रश्नात दिसते, आणि त्याआधीची शांतता नसती तर तो प्रश्न आला नसता.

गेल्या काही वर्षांत हा परिणाम मोजण्याचाही उद्योग झाला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१९ मध्ये तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा काढून कला आणि आरोग्य यांचा संबंध मान्य केला. त्याच वर्षी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये इंग्लंडमधल्या पन्नाशीपुढच्या ६,७१० लोकांचा चौदा वर्षे मागोवा घेणारा अभ्यास आला. दर काही महिन्यांनी किंवा त्याहून अधिक वेळा संग्रहालय, प्रदर्शन, नाटक, मैफल यांना जाणाऱ्यांत मृत्यूचा धोका कधीच न जाणाऱ्यांपेक्षा ३१ टक्क्यांनी कमी आढळला. जे लोक बाहेर पडू शकतात ते मुळातच धडधाकट आणि बऱ्या परिस्थितीतले असतात, ही शंका संशोधकांनाही होती. तो फरक वजा करूनच हा आकडा काढला आहे. तरी कलेमुळेच आयुष्य वाढले असे अशा निरीक्षणातून सिद्ध होत नाही. बाहेर पडणे, चालणे, चार माणसांत बसणे यांतले कला किती आणि सोबत किती, हे वेगळे काढणे कठीण. अभिनवगुप्त म्हणेल की वेगळे काढायचेच कशाला.

आजाराची गोष्ट निराळी. खोल नैराश्यात असलेल्या माणसाला मंडपाची सजावट आत ओढून घेईल असे समजणे क्रूरपणाचे आहे. अशा वेळी डॉक्टर लागतो, औषध लागते. मनोरुग्णालयांत कागद, रंग, माती यांचा वापर होतो तो व्यवसायोपचार म्हणून, प्रशिक्षित माणसांच्या देखरेखीखाली. सार्वजनिक प्रदर्शनाने तो दावा करू नये.

मनाला बरे वाटावे म्हणून मांडलेल्या कलेत एक खोड हमखास दिसते: ती सदैव प्रसन्न असते. स्वच्छ सर्वेक्षणाच्या वर्षांत नवी मुंबई महापालिकेने उड्डाणपुलांचे खांब, भुयारी मार्ग आणि लांबच लांब कुंपणभिंती रंगवून घेतल्या. शहराला फ्लेमिंगोंचे शहर म्हणतात, त्यामुळे गुलाबी पक्षी भिंतींवर आले, चौकांत त्यांचे पुतळे आले. रोज लोकलसाठी धावणाऱ्या माणसाला पानाच्या पिचकाऱ्यांऐवजी रंग दिसतो, हे चांगलेच झाले. त्यावर नाक मुरडण्याचे कारण नाही. पण २०२४ च्या उन्हाळ्यात नेरूळच्या पाणथळीभोवती फ्लेमिंगो दगावल्याच्या बातम्या आल्या, आणि पाणथळींत भरतीचे पाणी येऊ द्यावे म्हणून पर्यावरणप्रेमींना भांडावे लागले. खरा पक्षी संकटात असताना भिंतीवरचा पक्षी केवळ हसरा राहिला, तर ते चित्र मनाला उभारी देते की गुंगी?

रसविचाराने हा गोंधळ फार पूर्वी मिटवला आहे. आठ रसांत शृंगार आणि हास्य यांच्या मांडीला मांडी लावून करुण, भयानक आणि बीभत्स बसलेले आहेत. विदर्भातल्या पद्मपूरचा भवभूती तर करुणालाच सर्व रसांचे मूळ मानण्यापर्यंत गेला. शोक पाहून मन शांत होते याचे कारण असे की रंगमंचावरचा शोक एकट्या कुणाचा राहत नाही. घरातले दुःख ‘माझे’ असते आणि म्हणून चावते. चित्रातले दुःख कुणाचेही असू शकते, म्हणून त्याच्याकडे बघता येते. तेव्हा मेलेल्या पक्ष्याचे चित्र स्वास्थ्याच्या प्रदर्शनात बसत नाही असे म्हणणारा आयोजक रसविचाराच्या विरुद्ध बोलतो. फुलपाखरे आणि सूर्योदय एवढ्यावर जे स्वास्थ्य उभे आहे ते पहिल्या दुःखाला कोसळेल.

माणसाच्या कामी येणे हे कलेचे काम की नाही, हा वाद मराठीत दुसऱ्या नावाने गाजला. ना. सी. फडके कलेसाठी कला म्हणत, वि. स. खांडेकर जीवनासाठी कला म्हणत, आणि एका पिढीने त्यावर वक्तृत्वस्पर्धा गाजवल्या. साने गुरुजींनी टॉलस्टॉयचे कलाविषयक पुस्तक मराठीत आणले ते खांडेकरांच्याच बाजूला बळ देणारे होते: जी कला माणसामाणसांना जोडत नाही ती टॉलस्टॉयला कला म्हणून मान्य नव्हती. बा. सी. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’मध्ये उलट दिशेने लयीचे नियम शोधले, संवाद, विरोध आणि समतोल यांपलीकडच्या हेतूंना त्यांच्या सौंदर्यशास्त्रात जागा नव्हती. रा. भा. पाटणकरांनी १९७४ च्या ‘सौंदर्यमीमांसे’त दोन्ही पक्ष समोरासमोर बसवून दाखवले की कलेची कल्पना लौकिक आणि अलौकिक अशा दोन ध्रुवांमध्ये ताणलेली आहे आणि कुठलाही एक ध्रुव तोडला तर ती कल्पना अपुरी पडते. स्वास्थ्यासाठी कला हा खांडेकरी पक्षाचाच आजचा अवतार. त्याला मर्ढेकरांचा धाक असलेला बरा, नाहीतर हेतू चांगला म्हणून वाईट चित्रही भिंतीवर लागते. आणि लागतेच.

इथवर विचार पाहणाऱ्याचा झाला. करणाऱ्याचा विचार महाराष्ट्रात शास्त्रकारांपेक्षा संतांनी अधिक केला, कारण त्यांतले बरेचजण हाताने काम करणारे होते. आपल्या वाट्याचे काम हीच ईश्वराची पूजा, हा गीतेच्या अठराव्या अध्यायातला विचार ज्ञानेश्वरांनी फुलवला. सावता माळ्याने तो मळ्यात आणला. नरहरी सोनाराची आख्यायिका कारागिराच्या दृष्टीने सर्वांत सूक्ष्म आहे. नरहरी कट्टर शैव, पंढरपुरात राहून विठ्ठलाचे तोंड न पाहणारा. एका सावकाराने विठ्ठलाला सोन्याचा करगोटा करायला सांगितला. माप आणून दिले, करगोटा झाला, पण तो कमरेला बसेना. पुन्हा केला, पुन्हा चुकला. शेवटी डोळ्यांवर पट्टी बांधून नरहरी स्वतः माप घ्यायला गाभाऱ्यात गेला. हाताला व्याघ्रांबर लागले, साप लागला. पट्टी सोडली तर समोर विठ्ठल. पुन्हा बांधली तर हाताला शिव. भक्तीच्या अंगाने ही हरिहर-ऐक्याची कथा आहे. कारागिरीच्या अंगाने पाहिले तर ती मापाची कथा आहे: जोवर मनातला हट्ट सुटत नव्हता तोवर कसबी हाताचे मापही चुकत होते.

करणाऱ्यावरचा परिणामही मोजून पाहिला गेला आहे. फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठात २०१६ मध्ये ३९ प्रौढांना ४५ मिनिटे रंग, माती, कागद यांच्याशी हवे ते करू दिले आणि आधी-नंतर लाळेतले कॉर्टिसॉल मोजले. सुमारे तीनचतुर्थांश लोकांत ते उतरले, आणि आधी कला शिकलेला असण्या-नसण्याने फरक पडला नाही. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे निष्कर्ष जपूनच घ्यावा. तरी प्रदर्शनात नुसत्या फ्रेमा टांगण्यापेक्षा एका कोपऱ्यात टेबल, माती आणि हात पुसायला फडकी ठेवावीत, एवढे त्यावरून म्हणता येते. बेलापूरच्या सिडको अर्बन हाटमध्ये विणकर, कुंभार, चित्रकार मालाशेजारी बसलेले असतात. तिथे गिऱ्हाईक वस्तूइतकेच हातांकडे पाहते.

पण कामात हरवून जाणे नेहमीच कल्याणाचे असते का? संतचरित्रांनीच याला नकार दिलेला आहे. गोरा कुंभार चिखल तुडवीत होता, नामात दंग होता, आणि रांगत आलेले त्याचे मूल त्याच्या पायांखाली चिखलात तुडवले गेले. निर्मितीच्या तंद्रीचे गोडवे गाणाऱ्यांनी ही गोष्ट शेवटपर्यंत वाचायला हवी. ‘फ्लो’ म्हणून आज ज्याची शिकवणी होते त्या अवस्थेची एवढी भयंकर किंमत सांगणारी दुसरी कथा सापडणे अवघड. कथेत पुढे गोरोबांचे हात जातात, आणि ते हात आणि ते मूल परत येते ते कीर्तनात, नामदेव आणि इतर भक्तमंडळींच्या मेळ्यात. जे एकट्याच्या तंद्रीत गेले ते मेळ्यात मिळाले. अभिनवगुप्ताची सभा आणि पंढरपूरचे वाळवंट यांत पांडित्याचे अंतर मोठे आहे, पण स्वतःला विसरण्याला साक्षीदार आणि सोबती लागतात यावर दोघांचे एकमत दिसते. कलेतले स्वास्थ्य चित्रात साठवलेले नसते. चार माणसे एका गोष्टीपाशी थांबतात तेव्हा ते त्यांच्यामध्ये तयार होते.

याच कथांच्या शेजारी चोखामेळ्याचेही चरित्र ठेवले पाहिजे. परंपरेप्रमाणे १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचे बांधकाम चालू असताना ते कोसळून तो गाडला गेला. भिंत बांधणारे हात त्याचे होते, पण ज्या देवासाठी त्याने अभंग रचले त्याच्या देवळात त्याला पाऊल टाकता येत नव्हते. काम हीच पूजा हा विचार सुंदर आहे, पण कोणते काम कुणाच्या वाट्याला यायचे हे जातीने ठरवलेले असताना तो विचार कारागिराला समाधानाबरोबर बेडीही घालत होता. प्रत्येकाने निर्मिती करावी असे आज म्हणताना मातीकाम ही ज्याची हौस आहे आणि मातीकाम हा ज्याचा पिढीजात नाइलाज होता, ते दोघे एकाच टेबलाशी बसलेले नसतात.

मग मांडायचे काय, आणि कुठे? कलाचिंतक आनंद कुमारस्वामी बॉस्टनच्या संग्रहालयात अनेक वर्षे वस्तू मांडत होते, आणि १९४३ मध्ये त्यांनी कलाकृती प्रदर्शनात मांडायच्याच कशाला, असा प्रश्न पुस्तकाच्या नावातच विचारला. त्यांचे म्हणणे असे की जुन्या समाजात वस्तू वापरासाठी आणि अर्थासाठी घडत. काचेच्या कपाटात ठेवण्यासाठी कुणी मूर्ती घडवली नव्हती. नवी मुंबईच्या किनाऱ्यापासून जवळच असलेल्या घारापुरीला याची प्रचीती येते. सहाव्या शतकाच्या सुमारास कोरलेली तिथली त्रिमुख सदाशिवाची मूर्ती आता जागतिक वारसा म्हणून तिकीट काढून पाहिली जाते. तिच्यापुढे उभे राहिलेल्यांत दर्शनाला आलेला कोण आणि प्रेक्षक कोण, हे ओळखू येत नाही. बऱ्याचदा त्या माणसालाही ते ठरवता येत नसेल.

वारली चित्रांचा प्रवास याहून अलीकडचा आहे. लग्नघराच्या गेरूने सारवलेल्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने लग्नचौक काढत. मध्ये पालघट देवी, भोवती नक्षीची चौकट. चौक काढल्याशिवाय लग्न लागत नसे. ते चित्र विधीचा भाग होते आणि विधी झाला की त्याचे काम संपे. सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णींनी ही चित्रे बाहेरच्या जगापुढे आणली. जिव्या सोमा मशे यांनी विधीची गरज नसताना कागदावर रोजच्या आयुष्याची चित्रे काढली, आणि बायकांची कला पुरुषाच्या हातून जगभर गेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. यात मिळाले खूप: पैसा, मान, एका आदिवासी समाजाची ओळख. गेले ते इतके उघड दिसत नाही. भिंतीवरचा चौक लग्नाला आलेल्या सगळ्यांसाठी होता आणि देवीला बोलावण्यासाठी होता. दिवाणखान्यातल्या फ्रेमीतला तारपा-नाच कुणालाच बोलावत नाही.

तरी वस्तूला तिच्या जागेवरून हलवल्याशिवाय प्रदर्शन होतच नाही, असे नाही. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन पहिल्यांदा खेड्यात, खानदेशातल्या फैजपूरला भरले, तेव्हा गांधीजींनी चित्रकार नंदलाल बोस यांना नगर सजवायला बोलावले. स्थानिक बांबू आणि गावात मिळणारे साहित्य वापरून, गावच्या कारागिरांच्या हातांनी नंदलालांनी ते उभे केले. तिथे प्रदर्शन आणि मंडप वेगळे नव्हते. पाहायला आलेला शेतकरी आपल्याच गोठ्यातला बांबू कमानीत पाहत होता.

नवी मुंबईत ‘स्थानिक’ कोण, या प्रश्नाला मात्र धार आहे. हे शहर ९५ गावांच्या जमिनीवर उभे राहिले. भातशेती, मिठागरे आणि खाडीतली मासेमारी यांवर जगणाऱ्या आगरी-कोळी गावांनी जमिनीच्या मोबदल्यासाठी लढा दिला. जानेवारी १९८४ च्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मेले. नंतर आलेल्या सोसायट्यांतले हौशी चित्रकारही आता इथलेच आहेत आणि त्यांची प्रदर्शने ही स्थानिक कलाकारांचीच प्रदर्शने होत. पण त्या चित्रांत कोळीण टोपली घेऊन वारंवार येते आणि आयोजकांच्या यादीत क्वचित.

आगरी लग्नात ढवलारीण असते. लग्नाचे विधी ती गाण्यांनी चालवते. हळदीपासून पुढे प्रत्येक टप्प्याचे गाणे तिला पाठ असते आणि तिच्या शब्दावर घर हलते. तेराव्या शतकात कवयित्री महदंबेने धवळे रचले तेव्हापासून लग्नातल्या या गायनाची मराठीत नोंद आहे. कला, धर्मविधी आणि माणसांचे एकत्र येणे या तिन्ही गोष्टी तिच्या कामात अजून सुट्या झालेल्या नाहीत. प्रदर्शनाच्या उद्घाटनाला तिला बोलावून दहा मिनिटे गायला सांगणे सोपे आहे, आणि तसे घडते. तिच्या गाण्याला मात्र मंडप, हळद, नवरी आणि सोबत गाणाऱ्या बायका लागतात. त्यांच्यावाचून ते गायचे की नाही, आणि गायचे तर कुणापुढे, हे ठरवायचा अधिकार तिचा आणि तिच्या गावातल्या बायकांचा आहे.